झील ओढणारी माणसे

‘झील ओढणे’ हा वाक्प्रचार आपण मराठीत फारशा चांगल्या अर्थाने वापरत नाही. पुढाऱ्याच्या होला हो करणारा कोणी दिसला की म्हणतो, ‘हा काय, नुसती झील ओढतो!’ ‘री ओढणे’ याचाही रोख तोच. शाळेत वाक्प्रचार शिकवताना मी हे दोन्ही कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले. आज त्यांच्याबद्दल थोडे वेगळे लिहावेसे वाटते, कारण मूळच्या झीलकऱ्यावर या वाक्प्रचारांनी अन्याय केला आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे हा विषय डोक्यात आला तो पोवाड्यामुळे नव्हे, तर एका इंग्रजी गाण्यामुळे. नातवाने क्वीन या बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकवले. गाणे १९७५ सालचे. त्यात मध्यावर पुष्कळ आवाज एकमेकांवर चढत जातात आणि शेवटी एक आवाज सगळ्यांच्या वर जाऊन टिपेला थांबतो. मला वाटले, कोणी बाई गात असेल. नातू म्हणाला, ‘आजोबा, हा त्यांचा ड्रमर आहे.’

रॉजर टेलर त्याचे नाव. त्या टिपेच्या स्वराची जागा पेटीवर शोधली. मधल्या सप्तकाच्या पुढच्या, म्हणजे तारसप्तकातली काळी पाच. सेकंदाला सुमारे ९३२ कंपने. पुरुषाचा छातीतला आवाज तिथे पोचत नाही. स्वरतंतू ताणून, त्यांची फक्त कड कंपित करून तो पातळ आवाज काढावा लागतो. तो पातळ असूनही सुरेल आणि स्थिर ठेवणे हे खरे कसब. याच माणसाचा नेहमीचा गाण्याचा आवाज मात्र जाडसर, थोडा खरखरीत आहे. त्या गाण्यात साधारणपणे ब्रायन मे खालचा सूर धरतो, फ्रेडी मर्क्युरी मधला आणि टेलर वरचा. तिघांनी आपले आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून तो समूह उभा केला. रंगमंचावर त्या मधल्या भागाची टेपच लावत असत. पण इतर गाण्यांत टेलर दोन्ही हात, दोन्ही पाय ड्रमवर चालवत असतानाच तोंडासमोरच्या माईकमध्ये वरचा सूर धरायचा.

आता लोक विचारतात, ‘त्याचा आवाज किती सप्तकांचा?’ मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. पट्टी लावून उंची मोजावी तसा आवाज मोजता येतो, नाही असे नाही. पण मागून गाणाऱ्याची परीक्षा वेगळी असते. हात ताल धरत असताना श्वास पुरतो का? वर गेल्यावर सूर डळमळतो का? पुढच्या गायकाला न झाकता त्याच्या आवाजाला उठाव देता येतो का? ही परीक्षा उतरणारा माणूस दीड सप्तकाचा असला तरी मोठा, आणि न उतरणारा चार सप्तकांचा असूनही उपयोगाचा नाही.

हीच परीक्षा आमच्याकडचा झीलकरी पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. शाहीर डफावर थाप मारून पुढे गातो. मागे एकाच्या हातात तुणतुणे, दुसऱ्याच्या हातात झांज. शाहिराची ओळ संपते न संपते तोच हे तिचे शेपूट उचलतात आणि ‘जी जी’ करत वर नेतात. तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते. त्यात फट पडली तर पोवाड्याचा आवेश तिथेच बसतो. तमाशातले सुरत्येही असेच वरच्या पट्टीत सूर लावतात. माईक नव्हते तेव्हा ढोलकी-हलगीच्या दणक्यातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तो उंच, टोकदार आवाजच लागे. आमच्या कबनूर-इचलकरंजीकडे यंत्रमागांच्या खडखडाटात एकमेकांना हाका मारणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

दोन्हींत फरक आहे हेही सांगायला हवे. क्वीनचे तिघे एकाच वेळी तीन वेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मेळातून गोडवा येतो. आपला झीलकरी बहुधा तीच चाल धरतो, कधी वरच्या सप्तकात. म्हणून त्यांचे अवघड आणि आपले सोपे, असे मात्र कोणी म्हणू नये. एकाच सुरात दोन आवाज मिसळायचे तर लपायला जागाच नसते. जरा उतरला की लगेच कळतो.

खरा फरक मला दिसतो तो पुढे, नावाचा आणि वाट्याचा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरने स्वतः लिहिलेले आणि गायलेले मोटारीवरचे गाणे होते. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच मानधन. त्यावरून बँडमध्ये कुरबुरी झाल्या म्हणतात. पण पुढे १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी नवी गाणी चौघांच्या मिळून नावावर केली. मागे बसणाऱ्याचे नाव पुढच्याच्या बरोबरीने लागले.

आणि पुढे उभा राहणारा तो फ्रेडी तरी कोण? मूळचा फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात हा पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. मागच्या रांगेत राहिल्याने कोणी लहान होत नाही, याला आणखी कोणता दाखला हवा?

आपल्याकडे शाहीर अमर शेख, शाहीर साबळे, कोल्हापूरचे पिराजीराव सरनाईक ही नावे घराघरांत पोचली, आणि ती पोचायलाच हवी होती. पण त्यांच्या पाठीमागे टिपेला सूर लावणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? जाहिरातीच्या फलकावर ‘आणि सहकारी’ एवढ्या दोन शब्दांत सगळे संपते. उंच आवाज फार वर्षे टिकत नाही, वयाबरोबर तो उतरतो. आवाज गेला आणि नावही लिहिलेले नाही, म्हणजे तो माणूस गाऊन गेला याचा पुरावाच उरत नाही.

यावर फार मोठा खर्च करायला नको. जत्रेच्या फलकावर साथीदारांची नावे छापावीत. मोबाईलवर पोवाड्याचे चित्रण टाकणाऱ्याने खाली झीलकऱ्याचे नाव लिहावे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुढे गाणाऱ्या मुलीला प्रशस्तिपत्र देताना मागे झांज वाजवत सूर धरणाऱ्या मुलालाही द्यावे. त्या वयात मिळालेला एक कागद मुलाला आयुष्यभर पुरतो, हे मी पाहिले आहे.

असो. नातेवाईक मंडळी आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्या गावच्या भजनात, गोंधळात, पोवाड्यात मागून वरचा सूर लावणारे कोणी असतील तर त्यांना नाव विचारा आणि कुठेतरी लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कोणाला ‘झील ओढतो’ म्हणून हिणवायच्या आधी, एकदा स्वतः ती ओढून बघा. श्वास कुठे संपतो ते कळेल.