घर हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे!

"विषाणूला जात नसते" हे वाक्य करोनाच्या काळात आपण शेकडो वेळा ऐकलं. विषाणूला नसेल. पण त्याची किंमत कोणी मोजायची हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला जात आहे आणि ती पुरुषसत्ताकही आहे. पुरावा हवा असेल तर घरकामगार बाईकडे बघा.

19 मार्च 2020 ला पंतप्रधानांनी आवाहन केलं की, तुमच्याकडे काम करणाऱ्यांचा पगार कापू नका. 24 मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देश बंद झाला. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की, बंदच्या काळातलं वेतन कपात न करता द्या. हा आदेश कोणासाठी होता? उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी. त्यात घर नव्हतं. कारखान्यातल्या कामगाराला निदान कागदावर हक्क मिळाला. तोही दोन महिने टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र आला तो फक्त मालकिणीच्या मनाचा मोठेपणा. आवाहन आणि आदेश यांतला हा फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे. आवाहन न पाळणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

मी वस्तीत काम करते. टाळेबंदीत बायका सांगायच्या, "ताई, मॅडम म्हणाल्या, आता येऊ नको, बोलावू तेव्हा ये." पगाराचं विचारलं तर फोन उचलणं बंद. पुढे सोसायट्यांची दारं उघडली ती कुत्री फिरवणाऱ्यांसाठी आधी आणि बाईसाठी नंतर. बाई रोग आणते म्हणे! करोना या देशात विमानाने आला, पण संशय मात्र वस्तीतून चालत येणाऱ्या बाईवर. वेगळा कप, वेगळी लिफ्ट, बाथरूम वापरायला मनाई हे सगळं करोनाआधीही होतं. महामारीने त्याला फक्त आरोग्याचं सर्टिफिकेट दिलं. अस्पृश्यतेला नवं नाव मिळालं, 'सोशल डिस्टन्सिंग'.

सरकारने काय केलं? जनधन खातं असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा 500 रुपये दिले. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना 1,500 रुपये जाहीर केले. इथे 'नोंदणीकृत' या शब्दावर बोट ठेवा. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. पण महामारी आली तेव्हा मंडळ जवळजवळ कागदावरच उरलं होतं. नोंदणीच्या अर्जाला मालकाचा दाखला लागतो. जी मालकीण पगाराची चिठ्ठी देत नाही, ती सहीशिक्क्याचा दाखला देईल? आधी नोंदणी अवघड करायची आणि मग नोंदणी नाही म्हणून मदत नाकारायची, याला योजना म्हणत नाहीत.

आता "त्यांना धान्याचे किट वाटले की" असं म्हणणाऱ्यांसाठी. किट आम्हीही वाटले आणि वाटायलाच हवे होते. पण जिच्या घामाचे दोन-तीन महिन्यांचे पैसे बुडाले, तिला पाच किलो तांदूळ देऊन फोटो काढणं म्हणजे न्याय नव्हे. बाबासाहेबांनी कामगार बाईसाठी दया मागितली नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितलं की, बाळंतपणातली विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारने व मालकाने उचलला पाहिजे. ही भूमिका हक्काची आहे. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, तरी घरकामगार बाई बाळंत झाली की तिला पगारी रजा नाही, उलट तिच्या जागी दुसरी बाई येते.

मित्रांनो, मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्यात आलेल्या आपल्या आज्या आणि आया हेच काम करत होत्या. त्यांच्या भांडी घासण्यावर आपण बीए, एमए झालो. आज आपल्यातल्याही अनेकांच्या फ्लॅटमध्ये बाई कामाला येते. टाळेबंदीत आपण तिला पूर्ण पगार दिला का? आठवड्याची सुट्टी देतो का? 14 एप्रिलला स्त्रीमुक्तीवर भाषण करायचं आणि 15 तारखेला बाईचा खाडा कापायचा, हे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. आणि आपल्या किती मोर्चांत घरकामगारांच्या मागण्यांचा एक तरी फलक असतो?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. घर हे कामाचं ठिकाण म्हणून कायद्याने मान्य करा. घरकामाला किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि बाळंतपणाची पगारी रजा लागू करा. मालकाच्या दाखल्याची अट काढून वस्तीतच नोंदणी करा. आपत्तीच्या काळातलं वेतन हा हक्क ठरवा.

पुढची महामारी तारीख सांगून येणार नाही. ती येईल तेव्हा आपल्या बाईच्या हातात कोणाचं आवाहन नको, कायदा हवा. त्यासाठी या रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतल्या घरकामगार बायकांची यादी करायला बसा. संघटनेची सुरुवात यादीपासूनच होते.

जय भीम!