सात वारांची सात शिखरे

नेल्लोर म्हटले की तांदूळ आठवतो. पेन्ना नदीच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे आणि घामाने निथळणाऱ्या दुपारी असा हा आंध्र प्रदेशाचा किनाऱ्याकडचा मुलूख. इथल्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो सरबताच्या गाडीवरचा, नाही तर मासळीच्या पेटीतला. याच जिल्ह्यातल्या गांधीजनसंगम नावाच्या लहानशा गावात ३ सप्टेंबर १९७४ रोजी मल्लि मस्तान बाबूचा जन्म झाला. मल्लि हे घराण्याचे नाव. तेलुगू रिवाजाप्रमाणे ते आधी लावतात. मस्तान हे नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाची थोडी गफलत होते. पण नेल्लोर-गुंटूरकडे पीर-अवलियांच्या दर्ग्यांवर हिंदूंचीही मोठी श्रद्धा. नवसाने झालेल्या मुलांची नावे तिकडे सर्रास अशी ठेवली जातात. त्याच्या वडिलांचे नावही त्याच धर्तीचे होते.

गावच्या शाळेतून हा मुलगा थेट विजयनगरमजवळच्या कोरुकोंडा सैनिकी शाळेत गेला, १९८५ साली. अकरा वर्षांचे पोर घरापासून दूर वसतिगृहात राहायचे, पहाटेच्या शिट्टीवर उठायचे, धावायचे. सैनिकी शाळेत मुलगा लागला म्हणजे घराचे भाग्य उजळले, असे तेव्हा खेड्यापाड्यांत वाटत असे आणि ते खोटेही नव्हते.

त्याच १९८५ साली एव्हरेस्टवर भारतीय लष्कराच्या मोहिमेवर मोठा घाला पडला. ऑक्टोबरच्या वादळी हवेत पाच अधिकारी गेले. त्यांत लेफ्टनंट उदय भास्कर राव होते आणि ते याच कोरुकोंडा शाळेचे माजी विद्यार्थी. पुढे शाळेत त्यांचा पुतळा उभा राहिला. मस्तानला गिर्यारोहणाची ओढ लागली ती या पुतळ्यामुळे, हे पुढे त्याच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवले आहे.

इथे जरा थांबावेसे वाटते. मुलांना डोंगराची ओढ लागते ती बहुधा शिखरावर झेंडा फडकवणाऱ्याचे छायाचित्र पाहून. हे पोर मात्र ज्याच्याकडे पाहत मोठे झाले, तो माणूस परत आलेला नव्हता. डोंगर काय देतो आणि काय घेतो, याचा धडा त्याला रोज कवायतीला जाता-येता दिसत होता. पुढे जे घडले त्याला अकल्पित म्हणायचे खरे, पण या मुलाने ती शक्यता कधी नजरेआड केली असेल असे वाटत नाही.

शिक्षणात तो कुठेच कमी पडला नाही. जमशेदपूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून इलेक्ट्रिकल इंजिनियर, मग खरगपूरच्या आयआयटीतून एम. टेक. त्यानंतर काही वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी आणि नोकरी सोडून कोलकात्याच्या आयआयएममध्ये व्यवस्थापनाची पदवी. यांतली एकेक पायरी चढायला मध्यमवर्गीय घरातली मुले ऐन तारुण्याची वर्षे क्लासात घालवतात. चारही पायऱ्या चढलेला माणूस २००४ साली कोलकात्यातून बाहेर पडला तेव्हा त्याला कोणत्याही मोठ्या कंपनीत खुर्ची मिळाली असती. तो डोंगराकडे वळला. घरातल्या माणसांना हे पचवायला काय पडले असेल, ते ज्यांच्या घरात असा एखादा मुलगा आहे त्यांनाच कळेल. महाराष्ट्रात अशी घरे काही थोडी नाहीत. आठवडाभर संगणकापुढे बसणारा आणि शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून कसाऱ्याची गाडी पकडणारा इंजिनियर मुलगा ठाण्या-डोंबिवलीच्या दर तिसऱ्या इमारतीत सापडेल. रविवारी रात्री जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज येईपर्यंत आईला झोप लागत नाही.

डोंगरांच्या नादाला लागला तरी मस्तानमधला इंजिनियर सुटला नव्हता. ते दिसले २००६ साली. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे एकाच माणसाने चढायची, ही कल्पना अमेरिकन उद्योजक डिक बास याने १९८५ मध्ये पुरी केली होती. तेव्हापासून जगभरचे हौशी आणि पट्टीचे गिर्यारोहक या सात शिखरांच्या मागे लागले. बहुतेकांना त्यासाठी कित्येक वर्षे लागतात. मस्तानने ती एका वर्षाच्या आत उरकायची ठरवली.

नुसता नकाशा पाहिला तरी छाती दडपते. १९ जानेवारीला, गुरुवारी, अंटार्क्टिकावरचे विन्सन. तिथे पोहोचायलाच चिलीच्या दक्षिण टोकाहून विमान बर्फावर उतरवावे लागते. १७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, अर्जेंटिनातले ६,९६१ मीटर उंचीचे आकोन्काग्वा. १५ मार्चला, बुधवारी, आफ्रिकेतले किलिमांजारो. पायथ्याशी कॉफी-केळीची शेते आणि माथ्यावर हिमनद्यांचे उरलेसुरले तुकडे. १ एप्रिलला, शनिवारी, ऑस्ट्रेलियातले कोशियुस्को. हे शिखर म्हणजे या यादीतला गमतीचा भाग. उंची जेमतेम २,२२८ मीटर, माथ्यापर्यंत चांगली पायवाट. म्हणूनच काही जण त्याऐवजी न्यू गिनीतले कार्स्टेन्झ पिरॅमिड मोजतात आणि हा वाद अजून मिटलेला नाही. २१ मे, रविवार, एव्हरेस्ट. १३ जून, मंगळवार, रशियातले एल्ब्रुस. आणि १० जुलै, सोमवार, अलास्कातले देनाली, ज्याला मॅकिन्ले असेही म्हणतात. तिथे ना शेर्पा, ना हमाल. आपला बोजा घसरगाडीवर लादून आपणच ओढायचा.

सारे मिळून १७२ दिवस. सात शिखरांसाठी लागलेला तो त्या वेळचा सर्वांत कमी अवधी होता. हा विक्रम पुढे इतरांनी मोडला, विक्रमांचे तसेच असते. पण वरचे वार पुन्हा एकदा वाचून पाहा. सात शिखरे, सात वार, एकही वार दुसऱ्यांदा आलेला नाही. वारा पडला आणि आभाळ उघडले तरच माथा गाठता येतो, त्यामुळे सातच्या सात वार असे जुळून यायला दैवाचीही साथ लागते. तरीही त्यामागचा काटेकोरपणा लपत नाही. अंटार्क्टिकाचा उन्हाळा जानेवारीत, एव्हरेस्टची दारे मे महिन्यात उघडणार, देनालीचा हंगाम जुलैत संपत येणार. आणि या सगळ्यांच्या मध्ये व्हिसा, विमाने, पैसे आणि थकलेले शरीर. हे गणित दोराने आणि कुऱ्हाडीने सुटत नाही, ते कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यालाच सुटते.

भारतात या पराक्रमाचे कौतुक झाले, पण क्रिकेटच्या एका शतकाइतकेही नाही. मस्तानची त्याबद्दल तक्रार असल्याचे कुठे वाचनात येत नाही. तो व्याख्याने देई, तरुणांना डोंगरात नेई आणि मधूनच एकटा नाहीसा होई. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताने त्याला विशेष ओढून घेतले होते.

अँडीज हिमालयाहून ठेंगणा आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर, अटाकामा वाळवंटाच्या माथ्यावर सहा हजार मीटरच्या वरची शिखरे ओळीने उभी आहेत. हिमालयात निदान पायथ्याशी गाव असते, चहाची टपरी असते, याक घेऊन जाणारा कुणी भेटतो. इथे दिवसचे दिवस माणूस दिसत नाही. हवा इतकी कोरडी की कित्येक शिखरांवर हिमनदीच नाही, नुसता मुरूम आणि राख. पाणी हवे तर साचलेले बर्फ शोधून वितळवायचे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. त्याच्या वर प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते. आणि वारा! तिथले लोक त्याला ‘पांढरा वारा’ म्हणतात. तो सुटला की हिमकण आडवे उडू लागतात आणि पुढे केलेला स्वतःचा हातही दिसत नाही.

२०१५ च्या मार्चमध्ये मस्तान तिथल्या सेरो त्रेस क्रूसेस सूर या शिखरावर होता. उंची सुमारे ६,७५० मीटर. नावाचा अर्थ ‘तीन क्रूस, दक्षिणेचा’. अँडीजमधला उन्हाळी हंगाम तेव्हा सरत आला होता. २४ मार्चला, मंगळवारी, तो एकटाच माथ्याच्या दिशेने निघाला. त्यानंतर त्याच्याकडून निरोप आला नाही.

नेमक्या याच दिवसांत एक अशी गोष्ट घडली जी कोणत्याही वेळापत्रकात बसली नसती. जगातले सर्वांत कोरडे म्हणून ज्या वाळवंटाची ख्याती, त्या अटाकामावर २४ आणि २५ मार्चला वादळ कोसळले. वर्षानुवर्षे पाऊस न पाहिलेल्या नद्यांच्या कोरड्या पात्रांतून चिखलाचे लोंढे आले. पायथ्याकडच्या कोपियापो शहराच्या रस्त्यांवर चिखल भरला, घरे वाहून गेली, अनेक माणसे मेली. खाली पाण्याचे जे तांडव होते, ते वर सहा हजार मीटरवर वाऱ्याचे आणि हिमाचे रूप घेऊन उतरले असणार. दोन दिवस आधी किंवा चार दिवस उशिरा निघाला असता तर? हा प्रश्न डोंगरात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी विचारला जातो.

एकट्याने जाणे चुकीचे होते काय? शास्त्र सांगते की उंचीवर एकट्याने जाऊ नये. पाय मुरगळला, मेंदूला सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सोबतीचा माणूस हाच एक दवाखाना. कोणत्याही गिर्यारोहण संस्थेत हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि मस्तानला ते ठाऊक नव्हते असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण एकट्याने चालणाऱ्याला डोंगर जसा भेटतो तसा तो दहा जणांच्या घोळक्याला भेटत नाही, हेही तितकेच खरे. त्याने दोन्ही तराजूत घालून एक निवडले. घरी वाट पाहणाऱ्यांच्या पारड्यात मात्र दुसरे काही टाकायला उरत नाही, आणि एवढी एक तक्रार त्याच्याविरुद्ध राहतेच.

इकडे बातमी कळताच त्याचे मित्र उभे राहिले. सैनिकी शाळेचे, जमशेदपूरचे, खरगपूरचे, कोलकात्याचे. चार संस्थांमधून शिकल्याचा असाही उपयोग झाला. इंटरनेटवर आवाहने झाली, पैसे गोळा झाले, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या खात्याने चिली आणि अर्जेंटिनाच्या सरकारांशी बोलणी केली. दोन्ही देशांची हेलिकॉप्टरे निघाली, पण विरळ हवेत त्यांच्या पात्यांना पकड मिळत नाही. सहा हजार मीटरच्या आसपास हेलिकॉप्टर घिरट्या घालू शकते. एका जागी स्थिर राहणे किंवा उतरणे फार कठीण. त्यात हवाही बिघडलेली. गांधीजनसंगममध्ये आई रोज बातमीची वाट पाहत होती. ज्या देशाचे नाव गावात कुणी घेतले नसेल, तिथल्या हवामानाची चौकशी आता पारावर होऊ लागली होती.

४ एप्रिलला बातमी आली. मस्तान सापडला होता, पण जिवंत नाही. वय चाळीस.

इतक्या उंचीवरून देह खाली आणायचा, दोन देशांच्या सीमेवरचे कागदपत्र पुरे करायचे, मग अर्ध्या पृथ्वीचा प्रवास. यात तीन आठवडे गेले. चेन्नईमार्गे तो गावी पोहोचला आणि २५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, गांधीजनसंगममध्ये शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आसपासच्या गावांतली माणसे लोटली होती. शाळकरी मुले होती. त्यांतल्या कित्येकांनी सात शिखरांची नावे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली असतील.

त्याच दिवशी दुपारच्या सुमारास नेपाळमध्ये भूकंप झाला. एव्हरेस्टच्या तळछावणीवर हिमकडा कोसळून गिर्यारोहक आणि शेर्पा गाडले गेले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली आणि नेल्लोरच्या भातशेतांत निरोप दिलेल्या मुलाला तिथे फारशी जागा उरली नाही.