‘अप्रत्यक्ष’ म्हणजे काय हो?

गेल्या पावसाळ्यात जालना शहराच्या कडेच्या एका वस्तीत आमच्या बचतगटातली एक जण गेली. बावीस वर्षांची, आठवा महिना. आधी ताप, उलट्या, मग डोळे पिवळे. सासूने काविळीची माळ आणून घातली. दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तपासणीत हिपॅटायटिस-ई निघाला. मातामृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं गेलं : ‘अप्रत्यक्ष’.

वैद्यकीय वर्गीकरण मला माहीत आहे. बाळंतपणातला रक्तस्राव ‘प्रत्यक्ष’, कावीळ ‘अप्रत्यक्ष’. पण हा विषाणू तिच्या पोटात गेला कुठून? माणसाच्या आतड्यातून विष्ठेत, विष्ठेतून गटारात, गटारातून नळात. आमच्याकडे पाण्याचा पाइप नालीतूनच जातो. पाणी येतं कित्येक दिवसांनी. मधल्या काळात पाइपात दाब नसतो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. नळाची पहिली धार काळी का येते, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला इंजिनियरपेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती ओतून देणारी तीच असते.

इतरांची ही कावीळ बहुधा काही आठवड्यांत उतरते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. आणि हे आजचं ज्ञान नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायका जास्त मेल्या, हे तेव्हाच नोंदलं गेलं. पाण्यात क्लोरीन होतं, टायफॉइड वाढला नाही, तरी कावीळ पसरली. म्हणजे जंतूंची चाचणी ‘पास’ झालेल्या पाण्यातही विषाणू असू शकतो. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत हीच साथ आली. यावर लसही निघाली, २०११ साली चीनमध्ये. २०२२ साली दक्षिण सुदानमधल्या बेंतियूच्या छावणीत ती गरोदर बायकांनाही दिली गेली. आपल्या सरकारी लसीकरणात तिचं नाव नाही.

आपल्याला मिळतो तो सल्ला. पाणी उकळून प्या! उकळल्याने विषाणू मरतो, मीही तेच सांगते. पण सात माणसांचं पाणी रोज उकळायचं कोणी, कुठल्या गॅसवर? नाली दुरुस्त करण्याचं काम महापालिकेचं होतं, ते बाईच्या चुलीवर कधी आलं? माळ घातली म्हणून वस्तीतले सगळे सासूला बोलले. मीही बोलले, आता लाज वाटते. फुटक्या जोडाबद्दल कोणी कोणाला बोललं नाही.

लागण झाल्यावर कावीळ दिसायला दोन ते नऊ आठवडे लागू शकतात. तेव्हा त्या दिवशीच्या पाण्याची बाटली तपासून ‘पाणी चांगलं’ असा शेरा घेऊन येणाऱ्यांना परत पाठवा. मागच्या दोन महिन्यांचं टी.सी.एल. आणि ओ.टी. चाचणीचं रजिस्टर मागा. पाइप नालीतून कुठे कुठे जातो त्याचा नकाशा मागा. गावात असाल तर ग्रामसभेत हिरवं कार्ड दाखवतील. कार्ड कधीच्या तपासणीचं आहे ते विचारा. आणि काविळीने गेलेल्या बाईच्या मृत्यूची चौकशी नुसत्या आशाताईला आणि नर्सला उभं करून होता कामा नये. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर त्या खोलीत बसला पाहिजे.

आमच्या वस्तीतला तो जोड अजून तसाच आहे. त्यावर कोणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळली आहे.