आपद्धर्म आणि कुलधर्म

शाळेला इमारत हवीच कशाला, असा सवाल हल्ली चांगली शहाणीसुरती माणसे करू लागली आहेत. उत्तमातला उत्तम शिक्षक घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर मिळतो. मग दप्तराचे ओझे आणि पावसातली चिखलवाट सोसायची कशासाठी? सवाल बिनतोड वाटतो खरा. मात्र तो करणाऱ्यांच्या घरी मुलाला बहुधा स्वतंत्र खोली असते, स्वतंत्र यंत्र असते आणि अडले तर सांगणारे कोणी असते.

हा प्रयोग आपण एकदा करून पाहिला आहे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रातल्या पहिली-दुसरीच्या चिमुकल्यांना शाळेचे दार उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात दुसरा इलाज नव्हता, आणि ज्या शिक्षकांनी पडद्यावरचे वर्ग नेटाने चालवले त्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण म्हणून आपद्धर्माला कोणी कुलधर्म करू नये!

‘असर’ची पाहणी देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन होते. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे २१ होती. २०२२ मध्ये ती १६ वर आली. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये हाच आकडा २३ वर गेला. हे आकडेही भूषणाचे नव्हेत, हे कोण नाकारतो? पण भाकरी कच्ची राहिली म्हणून कोणी चूल मोडत नाही.

आणि शाळा म्हणजे काय नुसते वाचन-गणित? १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. मुली अक्षरे गिरवू लागल्या ही क्रांती होतीच. पण त्यासाठी त्यांनी घराचा उंबरा ओलांडला, हीही तेवढीच मोठी क्रांती होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. पडद्यावर पंगत बसत नाही, आणि दुपारची खिचडीही त्यातून ताटात पडत नाही. घरी बसलेल्या मुलाला घराचे जे नशीब तेवढेच मिळते. शाळा त्याला त्या नशिबाबाहेर काढते.

आजारी मुलाला पडद्यावर शिकवा. आडवळणाच्या गावी विज्ञानाचा शिक्षक नसेल तर तिथेही पडदा जरूर लावा. पण त्याची जागा फळ्याशेजारी, फळ्याच्या जागी नव्हे. उद्या एखाद्या वाडीवरची शाळा पट कमी म्हणून बंद करताना ‘मोबाइल आहेच की’ असे कोणी म्हणाले, तर गावाने त्याला एकच विचारावे: तुमची मुले कुठे शिकतात?