साखळी आणि सामर्थ्य

पुण्यात ‘येरवडा’ हा शब्द दोन अर्थांनी उच्चारला जातो. एक येरवडा कारागृहाचा आणि दुसरा मनोरुग्णालयाचा. पहिल्याला स्वातंत्र्यलढ्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. गांधीजी तेथे बंदिवान होते आणि १९३२ चा पुणे करार त्याच भिंतींच्या आड झाला. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र चेष्टेखेरीज काही आले नाही. वर्गात एखादा मुलगा विचित्र वागला, कचेरीत एखादा सहकारी स्वतःशी पुटपुटू लागला, की ‘याला आता येरवड्याला धाडले पाहिजे’ हे वाक्य सहज ऐकू येते. ज्या शहरात बंदिवासाचा अभिमान बाळगला जातो, त्याच शहरात आजाराची मात्र लाज वाटते.

अशा शहरातील तरुण पिढीसमोर आज एक निराळाच मनोरुग्ण उभा आहे. तो अमेरिकेतून आला आहे आणि तो अतिमानवी पराक्रम करणारा वीर आहे. ‘मून नाइट’ ही सहा भागांची मालिका २०२२ च्या मार्च ते मे या काळात डिस्ने प्लसवर प्रसारित झाली. तिचा नायक स्टीव्हन ग्रँट लंडनमधील एका वस्तुसंग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात नोकरी करतो. तो भिडस्त, विसराळू आणि वरिष्ठांची बोलणी निमूट खाणारा गृहस्थ आहे. आपण झोपेत कोठे जातो, काय करतो, हे त्याला कळत नाही. म्हणून तो रोज रात्री स्वतःचा पाय पलंगाला बांधून ठेवतो, दाराला चिकटपट्टी लावतो आणि पलंगाभोवती वाळू पसरतो. पुढे उलगडते ते असे, की त्याच देहात मार्क स्पेक्टर नावाचा दुसरा इसम वावरतो. हा पूर्वाश्रमीचा भाडोत्री सैनिक असून खोन्शू नावाच्या प्राचीन इजिप्तच्या चंद्रदेवाने त्याला आपला दूत केले आहे.

मालिकेचे श्रेय

या मालिकेला तिचे श्रेय दिलेच पाहिजे. अतिमानवी नायकांच्या कथांत आजवर वेड हे बहुधा खलपुरुषाच्या वाट्याला येत असे. बॅटमनच्या कथांत तर त्याच्या शत्रूंना डांबून ठेवण्याची जागा म्हणजे वेड्यांचे इस्पितळच. वेडा म्हणजे धोकादायक, हे समीकरण त्यातून लहान वयातच मनावर ठसते. वास्तव उलट आहे. मानसिक आजार असलेली माणसे हिंसा करतात त्याहून अधिक वेळा ती हिंसेला बळी पडतात. ‘मून नाइट’ने रुग्णाला नायकाच्या जागी आणले. शिवाय आजाराचे मूळ तिने बालपणात शोधले. धाकटा भाऊ गुहेत बुडून मेला, त्याचा दोष आईने थोरल्यावर ठेवला, तिने त्याचा छळ मांडला आणि तो छळ सोसण्यासाठी त्या मुलाच्या मनाने एक दुसरा, सुखी मुलगा निर्माण केला. बालपणातील तीव्र आघात आणि बहुव्यक्तिमत्त्वाचा विकार यांचा संबंध मनोविकारशास्त्राने नोंदवलेला आहे. अनेक पुस्तकी व्याख्यानांपेक्षा मालिकेचा पाचवा भाग ही गोष्ट अधिक हृदयस्पर्शी रीतीने सांगतो. वर्गातल्या मुक्या, हरवलेल्या मुलाकडे पाहण्याची नवी दृष्टी एखाद्या शिक्षकाला त्यातून लाभू शकेल.

येथे एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. बहुव्यक्तिमत्त्व आणि स्किझोफ्रेनिया हे दोन निराळे विकार आहेत. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसे नव्हेत. त्यात भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, संशय दृढ होतो, विचारांची संगती तुटते आणि कित्येकदा माणूस नुसताच गप्प, निरिच्छ होऊन बसतो. ‘छिन्नमनस्कता’ या मराठी प्रतिशब्दामुळेही हा गैरसमज बळावला असण्याचा संभव आहे.

देव अंगात येतो तेव्हा

परंतु श्रेय दिल्यानंतरही एक प्रश्न उरतोच. रुग्णाला सन्मान मिळवून देण्यासाठी मालिकाकारांना त्याच्या अंगात देव का आणावा लागला? २०१७ ते २०१९ या काळातील ‘लिजन’ या मालिकेत तर याहून पुढची पायरी गाठलेली दिसते. तिचा नायक डेव्हिड हॅलर इस्पितळात आहे, त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले गेले आहे आणि पुढे कळते ते असे, की त्याला ऐकू येणारे आवाज हे अद्भुत शक्तीचे लक्षण होते. म्हणजे डॉक्टर चुकले होते आणि औषधे ही त्या शक्तीवरची झापड होती! कथा म्हणून हे रंजक आहे. परंतु ज्या घरात एखादा तरुण नुकताच गोळ्या घेऊ लागला आहे, त्या घरात ही कथा निरुपद्रवी राहत नाही. गोळ्या थांबवल्या की आजार उलटतो, हा अशा असंख्य कुटुंबांचा अनुभव आहे.

महाराष्ट्राला तर ही कथा मुळीच नवी नाही. अंगात येणे, वारे भरणे, झाड लागणे ही भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. आजारी सुनेच्या अंगात देवी आली म्हणून तिच्या पाया पडणारे आणि तिच्यात भूत शिरले म्हणून तिला झोडपणारे लोक कित्येकदा एकाच घरातले असतात. पूजा आणि मार यांत अंतर आहे असे वरवर वाटते. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. समोरची बाई आजारी आहे, तिला झोप लागत नाही, तिला भीती वाटते, हे पाहण्याचे दोघेही टाळतात. देवत्व बहाल करणे हीदेखील माणूसपण नाकारण्याचीच एक रीत आहे.

पडद्यावरचा स्टीव्हन आपला पाय स्वतःच्या हाताने बांधतो आणि प्रेक्षकाला त्याची गंमत वाटते. प्रत्यक्षातली साखळी दुसरा कोणीतरी बांधत असतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. २८ माणसे मेली. दर्ग्याच्या पुण्याईने बरे होतील या आशेने त्यांना तेथे आणून ठेवले होते. महाराष्ट्रालाही दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर ज्या जादूटोणाविरोधी कायद्याला अखेर मुहूर्त लाभला, त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारहाण करण्याचा उल्लेख अग्रभागी आहे. कायद्यात असा उल्लेख करावा लागतो तो ती गोष्ट घडत असते म्हणूनच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास बंदी केली आहे.

पुण्याचे उत्तर

मनोरुग्णाला दैत्य किंवा देव न करताही त्याची गोष्ट सांगता येते, हे याच पुण्याने दाखवून दिले आहे. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. त्यामागे पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची प्रेरणा होती. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे या संस्थेचे संस्थापक. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. ‘देवराई’तला शेष बुद्धिमान आहे, कोकणातल्या आपल्या देवराईने झपाटलेला आहे आणि आजारी आहे. अतुल कुलकर्णी यांनी त्याला साकार करताना कोठेही अद्भुताचा आश्रय घेतलेला नाही. त्याच्या पाठीशी उभी आहे ती बहीण. ती चिडते, थकते, तिच्या संसाराला तडे जाऊ लागतात, तरीही ती त्याला सोडत नाही. औषधे, घर आणि हळूहळू परत येणारा आत्मविश्वास एवढेच या कथेतले चमत्कार. याच जोडीच्या ‘कासव’ने नैराश्याचा विषय हाताळला आणि २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवले. त्यातही कोणी कोणाला आकाशातून झेप घेऊन वाचवत नाही. नैराश्यातून सावरत असलेली एक स्त्री, जगण्यास कंटाळलेल्या अनोळखी तरुणाला केवळ आसरा देते आणि वाट पाहते.

वाट पाहणे हा पराक्रम पडद्यावर उठून दिसत नाही, हे खरे. पण समाजाला गरज त्याचीच आहे. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील पाहणीवरून असे आढळले, की सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. दहांत एक हे प्रमाण ध्यानी घेतले, तर ज्याच्या कचेरीत, शिक्षकदालनात वा वसतिगृहात असा एकही माणूस नाही असा वाचक सापडणे कठीण. मग हे लोक दिसत का नाहीत? कारण ते रजेच्या अर्जात ‘ताप’ किंवा ‘कावीळ’ लिहितात. खरे नाव लिहिले तर टेबलाटेबलांवर कुजबुज होईल, बढती अडेल, बहिणीचे लग्न मोडेल, हे भय त्यांच्या पायातील अदृश्य साखळी आहे.

या साखळीवर कायदा काही अंशी चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास वा पदावनत करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी इस्पितळातून परतल्यावर त्याच्याशी पूर्वीसारखाच चहा घ्यावा, असे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते.

विद्यार्थ्यांनी ‘मून नाइट’ अवश्य पाहावी. तीत खोन्शूच्या पराक्रमाहून मोठा एक क्षण आहे. मार्क आणि स्टीव्हन एकमेकांचा द्वेष सोडतात आणि जे भोगले त्यात दोष आपला नव्हता हे मान्य करतात, तो क्षण. त्यासाठी ना चिलखत लागत ना चंद्रदेव. मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसाला अतिमानव होण्याची मुळीच हौस नसते. त्याला सकाळची बस गाठायची असते, हजेरीपटावर सही करायची असते आणि महिनाअखेरीस पगार घरी न्यायचा असतो. त्याच्या पायातील साखळी काढण्यासाठी त्याला पंख देण्याची आवश्यकता नाही. त्याची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवली, तरी पुष्कळ झाले.