महिन्याचा सिनेमा कितीला पडतो?

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलणं संपलं की आजकाल हळूच एक प्रश्न निघतो. "ताई, ते नेटफ्लिक्स का काय ते घ्यावं का? पोरं मागं लागलीत." दीडशे-दोनशे रुपयांची तर गोष्ट, असं आपण म्हणतो. पण दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतो, मग सिनेमाचे का नाही?

ही महिनेवारी वर्गणी काही आजची नाही. नेटफ्लिक्स अमेरिकेत १९९८ पासून टपालाने सिनेमाच्या डीव्हीडी भाड्याने पाठवत असे. १९९९ मध्ये तिने महिन्याची वर्गणी सुरू केली. लाल पाकिटात डिस्क घरी यायची, बघून झाली की टपालाने परत करायची. उशीर झाला तरी दंड नाही. २९ सप्टेंबर २०२३ ला ही सेवा बंद झाली. आपल्याकडे सेव्हन्टीएमएम, बिगफ्लिक्स यांनी असा प्रयोग केला, पण तो मोठ्या शहरांपुरताच. पोखर्णीत डिस्क आणून देणार कोण आणि परत नेणार कोण? आपली रीत म्हणजे व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि एका रात्रीत तीन सिनेमे बघून पैसे वसूल करायचे. मध्येच लाइट गेली की भाडं पाण्यात!

त्या टपालाच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र आजही कामाची आहे. "हवे तितके सिनेमे बघा" असं सांगून जास्त बघणाऱ्यांना डिस्क मुद्दाम उशिरा पाठवतात, अशी तक्रार घेऊन २००४ मध्ये तिथला एक ग्राहक कोर्टात गेला. पुढे, कमी बघणाऱ्यांना आधी डिस्क देतो, हे कंपनीने नियमांतच लिहिलं. कारण उघड आहे. प्रत्येक पाकिटाला जाण्या-येण्याचा टपालखर्च लागतो. पैसे भरून डिस्क घरात धूळ खात ठेवणारा ग्राहकच कंपनीला जास्त परवडतो.

आता पाकीट गेलं, सिनेमा मोबाइलवर आला. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षी जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने दर उतरवले: फक्त मोबाइलवर १४९ रुपये, टीव्हीवरही बघायचं तर १९९. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी ९९९ वरून १४९९ झाली. जून २०२५ पासून प्राइमवर मध्ये जाहिराती येऊ लागल्या, त्या नको असतील तर पैसे वेगळे! म्हणजे आज घेतलेला दर उद्या राहीलच असं नाही.

आता हिशेब बघा. १९९ रुपयांत महिन्याला चार सिनेमे बघितले तर एक पन्नास रुपयांना पडला. घरातल्या सगळ्यांनी तिकिटं काढून परभणीला जाण्यापेक्षा स्वस्तच. पण पेरणीत, कापूस वेचणीत किंवा मुलांच्या परीक्षेत एकच बघितला, तर तो १९९ ला पडला. आणि काहीच न बघता पैसे मात्र कापले जातात.

त्याहून मोठा प्रश्न, बघतं कोण? १४९ चा प्लॅन एका वेळी एकाच मोबाइलवर चालतो, आणि मोबाइल असतो मुलाच्या नाहीतर मालकांच्या हातात. पैसे घरखर्चातून जातात, मग आपल्या वाट्याला काय? वर्गणी घ्यायचीच तर टीव्हीवर चालणारी घ्या, आणि आठवड्यातली एक दुपार आपल्या आवडीच्या सिनेमाची, हे आधीच ठरवून टाका.

पैसे आपोआप कापण्याची परवानगी देतानाही जपून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. तो कोणाच्या नंबरवर येतो, ते बघा. वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवायला २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. अडचण आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

वर्षाची वर्गणी एकदम भरू नका, एक महिना घेऊन बघा. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची खूण दुधाच्या खाड्यांशेजारी करा. महिनाअखेर चार खुणा नसतील, तर खुशाल बंद करा. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घेता येते. आणि खुणा असल्याच, तर त्यातल्या तुमच्या स्वतःच्या किती, तेही मोजा.