नगरसेवकाचा रिझ्युमे

आमच्या धंद्यात माणूस घ्यायचा म्हणजे दोन कागद लागतात. एक रिझ्युमे, दुसरा जॉब डिस्क्रिप्शन. दुसरा कागद नसेल तर पहिला वाचून काही उपयोग नाही, कारण माणूस कशासाठी हवाय तेच ठरलेलं नसतं. नगरपरिषदेच्या निवडणुकीत मात्र आपण नुसते रिझ्युमे वाचतो. आणि तेही अर्धवट.

सेलूचंच घ्या. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, मनमाड-सिकंदराबाद लाइनवरचं स्टेशन, कापसाची बाजारपेठ, नूतन विद्यालयासारखी जुनी शाळा. निवडणूक आली की इथे उमेदवाराबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणाचा हाय?" म्हणजे बाप कोण, जात कोणती, गट कोणता, मागे कोणता नेता. दुसरा प्रश्न, "खर्च करतो का?" इथे मुलाखत संपली! पाच वर्षं हा माणूस नेमकं काय करणार, हे विचारणारा भेटलाच तर लोक त्याच्याकडे 'हा पुण्याहून आला वाटतं' अशा नजरेने बघतात.

पुण्याहून आलेल्यांचा (म्हणजे तुमचा-माझा) आवडता प्रश्न तिसराच असतो. शिकलाय किती? दहावी नापास लोक शहर चालवणार म्हणून आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हळहळतो. मला हे दुखणं फारसं खरं वाटत नाही. राजस्थानने 2015 मध्ये पंचायत आणि पालिका उमेदवारांना शिक्षणाची अट घातली होती, 2019 मध्ये ती काढून टाकली. हरियाणाची तशीच अट सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2015 मध्ये वैध ठरवली. आपल्याकडे 2017 पासून 1995 नंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असावं लागतं, नगरसेवकाला तशी अट नाही. आणि खरं सांगायचं तर नको. एक तर गावातल्या किती बायका आणि किती मजूर त्या अटीने सरळ बाहेर फेकले जातील ते मोजा. शिवाय शिकलेला माणूस शहर जास्त चांगलं चालवतो असं आपण धरून चालतो, पण त्याची टेस्ट नुकतीच होऊन गेलीय. कुणी फारशी लक्षात घेतली नाही इतकंच.

2016 च्या अखेरीस ज्या नगरपरिषदा निवडून आल्या त्यांची मुदत 2021-22 च्या आसपास संपली. मार्च 2021 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ओबीसी आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला, मग आयोग, मग प्रभागरचनेचे घोळ, तारखांवर तारखा. शेवटी मे 2025 मध्ये कोर्टानेच निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि 2 डिसेंबर 2025 ला (काही ठिकाणी 20 ला) मतदान झालं, 21 ला निकाल लागले. मधली साधारण चार वर्षं राज्यभरातल्या अशा शहरांत नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. कारभार प्रशासकाकडे. मुख्याधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी, म्हणजे स्पर्धा परीक्षा पास झालेला, पदवीधर, बाहेरच्या गावचा, गटातटात नसलेला माणूस. आपल्याला हवा होता अगदी तसाच!

मग झाली का शहरं सिंगापूर? फाइल हलत राहिली, योजना आल्या, टेंडरं निघाली. पण गल्लीतली नाली तुंबली तर रात्री नऊला कुणाच्या दारात जायचं, हे लोकांना कळेना. साहेबाची बदली होते. साहेबाला तुमच्या मतदानाचं काही देणंघेणं नसतं. ठरावाला विरोध करणारं सभागृहात कुणी नाही, कारण सभागृहच नाही. तो आठवी शिकलेला नगरसेवक, ज्याला आपण हसत होतो, तो निदान सकाळी चहाच्या हॉटेलात सापडायचा आणि चार लोकांसमोर त्याला बोलता यायचं. पार्श्वभूमीतली ही गोष्ट कुठल्याही सर्टिफिकेटवर येत नाही.

तर मग बघायचं काय? माझ्या मते उमेदवाराचं पोट कशावर चालतं हे बघायचं. एकेकाळी मराठवाड्यातलं सार्वजनिक जीवन शाळेतून निघायचं. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांमध्ये होते, गोविंदभाई श्रॉफही शिक्षक. आता ते निघतं प्लॉटिंगमधून आणि ठेकेदारीतून. हे सेलूबद्दल म्हणत नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडसमोरचे बॅनर वाचा. व्यवसाय विचारला की 'शेती व व्यापार' हे उत्तर ठरलेलं. व्यापार कशाचा ते आपण विचारायचं असतं. जो माणूस लेआउट पाडून प्लॉट विकतो त्याचं ध्येय वेगळं विचारावं लागत नाही. पाइपलाइन आधी कुठे जाणार आणि डीपी रोड कुठून वळणार, हे आपोआप ठरतं. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. कायदा चांगला आहे. पण मेव्हणा आणि भाचा ही नाती कायद्यापेक्षा जुनी आहेत :-)

महिलांच्या जागांचंही तसंच. 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि बॅनरवर वहिनींपेक्षा दादांचा फोटो मोठा असतो. यावर विनोद करणं सोपं आहे. पण वहिनींनी स्वतः सभेला बसायचं ठरवलं तर त्यांना कुणीही उठवू शकत नाही, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नसतं. मला विचाराल तर 'गृहिणी' ही या कामासाठी बरीच चांगली पार्श्वभूमी आहे.

आता ध्येयांकडे येऊ. जाहीरनामा उघडला की एमआयडीसी, रेल्वेचे थांबे, मेडिकल कॉलेज, रोजगार. यातलं एकही नगरपरिषदेच्या हातात नाही. हातात काय आहे? पाणी, नाल्या, कचरा, दिवाबत्ती, आतले रस्ते, बांधकाम परवाने, बाजार, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूच्या नोंदी. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिलेत, त्यातलेही बरेच राज्य सरकारने पूर्णपणे सोडलेले नाहीत. उत्पन्न म्हणाल तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बाकी सरकारी अनुदान. जकात नगरपरिषदांमधून 1999 मध्येच गेली. एवढ्या चौकटीत ज्याला काही करायचंय त्याचं ध्येय कंटाळवाणंच असणार. निम्न दुधना धरण तालुक्यातच आहे, तर अमुक प्रभागात पाणी किती दिवसांआड येतं आणि मी ते किती दिवसांवर आणणार, असा आकडा एखाद्या उमेदवाराने छापला तर मी पक्ष, जात, शिक्षण काही न बघता त्याला मत देईन.

पण आकडा छापला की तो मोजता येतो. 'सर्वांगीण विकास' मोजता येत नाही म्हणून तो प्रत्येक पत्रकावर असतो. त्यात हल्ली एका प्रभागात दोन सदस्य. तुमच्या गल्लीचा कोण विचारलं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. आमच्याकडे एका बगला दोन ओनर असले की तो कधीच क्लोज होत नाही.

असो. एक गंमत राहिली. कायद्यात स्वीकृत सदस्य नावाची सोय आहे. निवडणूक न लढवता, पालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांना सभागृहात घ्यायचं. त्यांना मत नसतं, पण बोलता येतं. डॉक्टर, वकील, सीए, शिक्षक, इंजिनिअर अशांसाठीच ही सोय. प्रत्यक्षात पडलेला उमेदवार आणि नाराज कार्यकर्ता कुठल्यातरी सामाजिक संस्थेचा पदाधिकारी म्हणून त्या खुर्चीत बसतो, आणि पेपरात त्याची दोन ओळींची बातमी येते. सेलूत पाण्याची टाकी, ड्रेनेज, रस्ते यातलं कळणारे लोक कमी नाहीत. त्या जागेवर कुणाला घेतलं आणि त्याचं ज्ञान कशातलं, एवढं तरी विचारता येईल की नाही?

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात. सर्वसाधारण सभेची प्रोसिडिंग मागवा, हजेरीसकट. कोण बसलं, कोण बोललं, कशाला विरोध केला ते सगळं त्यात असतं. नगरसेवकाचा खरा रिझ्युमे निवडून आल्यावर लिहिला जातो आणि तो तिथे कपाटात पडून असतो. आणि हो, मतदार यादीत आपलं नाव सेलूत आहे की हिंजवडीत, तेही एकदा बघून घ्या. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं कुठेच नाही.